फोन कलवून पान सरकवणं: आधी थांबणं बसवा, मग वेग

ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत काड्यांवर पेस्ट लावायचं काम निघतं. पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं, त्यामुळे हातात मोजे हवेतच. प्रमाण किती, पाणी किती हे सगळं व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये, फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, आणि ओल्या मोज्याचं बोट स्क्रीनला काही केल्या कळत नाही. फोन धरता येतो, पान सरकवता येत नाही. अशा वेळी फोन जरासा कलवला आणि पान खाली गेलं, तर काम होतं. बाळ कडेवर घेतलेली आई, एका हाताने बसचा दांडा धरून उभा असलेला विद्यार्थी, एक हात प्लॅस्टरमध्ये असलेले आजोबा, यांची गरजही तीच.

कल्पना नवी नाही. सोनीच्या प्रयोगशाळेतल्या जुन रेकिमोटो यांनी १९९६ सालीच छोट्या स्क्रीनचं उपकरण कलवून मेनू आणि नकाशे हलवण्याची पद्धत मांडली होती. आता तर त्यासाठी लागणारा सेन्सर जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. तरी बहुतेक लोक ही सोय एकदा चालू करतात, पान सैरावैरा धावतं, आणि वैतागून बंद करतात. कारण पहिला हात जातो तो वेगाच्या स्लायडरकडे. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. पान हवं तिथे थांबायला लागलं की मगच ते किती पळावं हे ठरवायचं.

तुमच्या वाचनाच्या ॲपमध्ये किंवा गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, डेड झोन, स्मूदिंग, कर्व्ह असे स्लायडर असतील, तर पुढचे आकडे तिथे वापरून बघा. इंजिनिअरिंगचे किंवा बीसीएचे विद्यार्थी असाल आणि स्वतःचं वेबपान लिहीत असाल, तर गणितही दिलं आहे. दहावीपलीकडचं त्यात काही नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

फोनचं ऑटो-रोटेट बंद करा. नाहीतर तुम्ही फोन कलवणार आणि अख्खं पान आडवं होणार. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा, कारण तुम्ही स्क्रीनला हातच लावत नाही, तर फोनला वाटतं कुणी वाचत नाहीये. स्वतःचं पान असेल तर ते एचटीटीपीएसवर असायला हवं. आयफोनवर आयओएस १३ पासून हालचालीच्या सेन्सरसाठी वापरणाऱ्याची परवानगी मागावी लागते, आणि तीही त्याने बटण दाबल्यावरच. पान उघडताक्षणी मागितलेली परवानगी मिळत नाही. त्यामुळे ‘सुरू करा’ असं एक मोठं बटण ठेवा. त्याचा दुसरा उपयोग थोड्या वेळात येईल.

फायफॉक्स नावाचं मोफत ॲप उतरवून घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी बनवलं आहे. फोन किती अंशांनी कललाय हे त्यात सरळ दिसतं. आपल्याला मोजपट्टी म्हणून तेवढंच पुरे.

सेन्सर नक्की काय मोजतो

फोनमधला ॲक्सेलरोमीटर कोन मोजत नाही. तो त्याच्यावरचा जोर मोजतो. फोन स्थिर असेल तर त्याला जाणवतो तो गुरुत्वाकर्षणाचा ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. फोन कलला की हा जोर दोन अक्षांत वाटला जातो, आणि त्या वाटणीवरून कोन काढायचा. फोन टेबलावर सपाट असेल आणि १० अंश कलवला, तर आडव्या अक्षावर सुमारे १.७ येतात, ३० अंशांना ४.९.

इथे नवखे लोक एक सोपी वाट धरतात: एकाच अक्षाचा आकडा घ्यायचा आणि त्यालाच कल म्हणायचं. सपाट फोनवर हे चालून जातं. पण तुम्ही फोन जवळपास उभा धरून वाचत असाल, तर त्या अक्षाचा आकडा कल बदलूनही फारसा हलत नाही, आणि पान सुस्त वाटतं. दोन अक्षांचं गुणोत्तर घेऊन कोन काढला की ही अडचण जाते. प्रोग्रामिंगच्या जवळपास प्रत्येक भाषेत दोन आकडे घेऊन कोन देणारं ‘टॅन’चं उलट फलन तयार असतं, तेच वापरा. ब्राउझर तुम्हाला आयते अंश देतो, पुढे-मागे म्हणजे बीटा आणि डावी-उजवी म्हणजे गॅमा. मात्र बीटा ९० च्या आसपास गेला की गॅमा अचानक उड्या मारतो. उभ्या फोनवर डावी-उजवी वापरायची असेल तर आयत्या अंशांच्या भरवशावर राहू नका.

शून्य तुमचं, फोनचं नाही

खुर्चीत बसून वाचणारा माणूस फोन साधारण ४०-५० अंशांवर धरतो. पलंगावर उताणा पडलेला फोन तोंडावर धरतो. बागेत पाऊच हातात धरून उभा असलेला त्याहून वेगळा. मग ‘शून्य’ म्हणजे कोणता कोन? ज्या कोनात माणूस ‘सुरू करा’ हे बटण दाबतो, तो. त्या क्षणी कोन नोंदवायचा आणि पुढचं सगळं त्याच्यापासून मोजायचं. बटणाचा दुसरा उपयोग म्हटला तो हा. दाबल्या दाबल्या नोंद घेऊ नका. बोटाच्या धक्क्याने फोन हललेला असतो. अर्धा सेकंद थांबा आणि पुढच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी घ्या.

दहा-पंधरा मिनिटांत हात दमतो आणि फोन नकळत खाली येतो. म्हणून शून्यानेही हळूहळू हाताच्या मागे जावं, पण एका अटीवर: पान थांबलेलं असतानाच. पान सरकत असताना शून्य हलवलं, तर वाचणाऱ्याने धरून ठेवलेला कलच शून्य होत जातो, वेग मंदावतो, तो आणखी कलवतो, आणि शेवटी फोन विचित्र कोनात येऊन थांबतो. थांबलेल्या अवस्थेत वीस-तीस सेकंदांत नव्या जागी रुळेल इतका संथ बदल पुरेसा आहे.

डेड झोन

शून्याच्या दोन्ही बाजूंना काही अंश असे ठेवायचे की त्यांत काहीच घडत नाही. डेड झोन ठरवताना अंदाजपंचे आकडा टाकू नका. फायफॉक्स चालू करून फोन नेहमीसारखा धरा आणि अर्धा मिनिट दुसऱ्या कुणाला तरी आकडे बघायला सांगा. स्वतः बघाल तर हात आपोआप सावध होतो आणि माप खोटं येतं. कमाल आणि किमान कोनांतल्या फरकाच्या निम्म्यात एक अंश मिळवा. शांत बसलेल्या माणसाचं उत्तर साधारण ३ अंशांच्या आसपास येईल. पुढची उदाहरणं ३ धरूनच दिली आहेत.

आता गणितातली एक जागा, जी फार जणांकडून सुटते. डेड झोन संपला की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू व्हायला हवी. कल ३ अंशांपर्यंत काहीच नाही, आणि ३.१ ला थेट ३.१ अंशांचा वेग, असं केलं तर पान दचकून सुटतं. बरोबर रीत अशी: कलातून डेड झोन वजा करा आणि उरलेल्या पट्ट्याने भागा. कमाल कल २० अंश धरला तर

क्ष = (कल − ३) ÷ (२० − ३)

कल ३ च्या आत असेल तर क्ष ० धरा, २० च्या पुढे गेला तर १, म्हणजे क्ष नेहमी ० ते १ च्या मध्ये राहतो. उलट्या दिशेला चिन्ह बाजूला काढून हेच करायचं आणि शेवटी चिन्ह परत लावायचं. कमाल २० अंशच का? त्याहून जास्त कलवलं की अक्षरं वाचायला त्रास होतो, आणि उन्हाळ्यात गच्चीवर बसला असाल तर स्क्रीनवर अक्षरांऐवजी आकाश दिसतं.

थरथर गाळणं

निरोगी माणसाचा हातही सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. वाचणाऱ्याला ते जाणवत नाही, सेन्सरला जाणवतं. त्यावर साधी चाळणी पुरते, ॲपमधलं ‘स्मूदिंग’ म्हणजे हीच:

नवा कोन = जुना कोन + ०.२ × (आत्ताचं माप − जुना कोन)

सेकंदाला ५० मापं येत असतील तर ०.२ या आकड्याने दोन हर्ट्झच्या वरचं सगळं दबू लागतं. १० हर्ट्झची थरथर सुमारे एक पंचमांश उरते. बदल्यात फोन कलवल्यापासून पान हलेपर्यंत सेकंदाचा बारावा भाग जातो, जो वाचनात कळत नाही. अँड्रॉइडवर ॲप लिहीत असाल तर सेन्सरचा ‘गेम’ वेग निवडा, त्यात २० मिलिसेकंदांनी माप येतं. ‘नॉर्मल’ निवडलात तर २०० मिलिसेकंदांनी येतं आणि पान हिसके देत चालतं. हे इतक्या वेळा दिसतं की पान हिसके देतंय अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

कलावरून वेग ठरवणारा वक्र पुढे येतोच आहे; चाळणी नेहमी त्या वक्राच्या आधी लावा, नंतर नको. वक्र वर चढत जाणारा असतो, त्यामुळे थरथरीतला वरचा झोका खालच्या झोक्यापेक्षा जास्त मोजला जातो आणि सरासरी वेग विनाकारण वाढतो. आणखी चांगली चाळणी हवी असेल तर २०१२ साली प्रसिद्ध झालेला ‘वन युरो फिल्टर’ बघा. हात संथ असताना तो जास्त गाळतो, हात वेगात असताना कमी. नवख्यांनी मात्र साध्या चाळणीपासूनच सुरुवात करावी. दोनच्या जागी एकच आकडा फिरवायचा असतो.

वक्र

आता मुख्य भाग. कल किती आणि वेग किती यांचं नातं म्हणजे रिस्पॉन्स कर्व्ह.

आधी वेग किती हवा ते बघू. मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे शब्द वाचणारा माणूस आणि फोनवर ओळीत पाच-सहा शब्द धरा. म्हणजे मिनिटाला तीसेक ओळी, सेकंदाला अर्धी ओळ. वाचताना वेग ०.३ ते ०.७ ओळींच्या मध्ये कुठेतरी हवा. पण लांबच्या पीडीएफमध्ये चौथं पान गाठायचं असेल तर सेकंदाला २० ओळी तरी हव्यात. म्हणजे एकाच मनगटातून एक आणि चाळीस असं प्रमाण काढायचं आहे. सगळा गुंता इथे आहे.

सरळ रेषा घेतली, म्हणजे वेग = २० × क्ष, तर अर्धी ओळ मिळते डेड झोननंतर जेमतेम ०.४ अंशावर. वाचनाचा सगळा पट्टा, ०.३ ते ०.७, अवघ्या एक तृतीयांश अंशात मावतो. एवढा बारीक कल कुणाच्याही हाताला धरून ठेवता येत नाही. म्हणून पान एकतर थांबतं किंवा पळतं. मग माणूस काय करतो? सेन्सिटिव्हिटी कमी करतो. कमाल वेग २० वरून ५ वर आणला की वाचन जमतं, पण चौथ्या पानावर जायला मनगट कलवून वाट बघत बसावं लागतं. पुन्हा सेन्सिटिव्हिटी वाढवतो. हा झोपाळा स्लायडरने कधीच थांबत नाही, कारण दोष वेगात नसून आकारात आहे.

वर्ग घ्या: वेग = २० × क्ष². आता अर्धी ओळ डेड झोनपासून २.७ अंशांवर येते आणि वाचनाचा पट्टा १.१ अंश रुंद होतो. तिपटीहून जास्त. हाताला हे जमतं.

वर्गाने एवढा फायदा, तर घनाने आणखी होईल असं वाटतं. करून बघा. घनात अर्धी ओळ ५ अंशांवर सरकते, पण पट्टा फक्त १.४ अंश होतो. चौथा घात घेतला तरी तो १.४ च्या आसपासच राहतो. उलट वाचायला सहा-सात अंश कलवावं लागतं आणि तोवर काहीच घडत नसल्यासारखं वाटतं. लोकांना मग वाटतं फोन अडकलाय. म्हणून ॲपमध्ये घातांकाचा स्लायडर असेल तर २ वर ठेवा, फार तर २.५. त्यापुढे हाती काही लागत नाही.

बागेत फवारणीचे ड्रोन उडवणाऱ्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. त्यांच्या रिमोटवर ‘एक्स्पो’ नावाची सेटिंग असते, ती म्हणजे हाच वक्र, फक्त सरळ रेषा आणि घन यांचं मिश्रण करून:

उत्तर = (१ − क) × क्ष + क × क्ष³

क शून्य असेल तर सरळ रेषा, एक असेल तर पूर्ण घन. काही कंपन्यांच्या रिमोटवर मधला भाग मऊ करायला हा आकडा अधिक टाकावा लागतो, काहींवर उणे. तसाच गोंधळ काही ॲपमध्येही आहे, तेव्हा लेबलवर विसंबू नका, फिरवून बघा. रिमोटवरच्या काठीला एक्स्पो छान बसतो, कारण काठी सोडली की स्प्रिंगने मध्यावर येते. हाताला स्प्रिंग नाही. क ०.७ ठेवला तरी अर्धी ओळ डेड झोननंतर १.४ अंशावरच येते, कारण मिश्रणातली सरळ रेषा सुरुवातीला वर्चस्व गाजवते. वाचनासाठी मी एक्स्पोपेक्षा वर्ग पसंत करतो.

आणि वर्गापेक्षाही पसंत करतो तो दोन तुकड्यांचा वक्र. ॲपमध्ये बिंदू ओढून वक्र काढता येत असेल किंवा स्वतः लिहीत असाल, तर हा जरूर करून बघा. ३ ते ९ अंशांपर्यंत वेग सरळ रेषेत ० पासून ०.८ ओळींपर्यंत चढतो. वाचनाचा पट्टा आता ३ अंश रुंद झाला, वर्गाच्या जवळपास तिप्पट. ९ च्या पुढे वक्र झपाट्याने चढून २० अंशांना २० ओळी गाठतो. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे खटका बसू नये म्हणून पहिल्या रेषेचा चढ पुढेही तसाच चालू ठेवायचा आणि त्यावर वर्ग चढवायचा:

वेग = ०.८ + ०.१३३ × (कल − ९) + १७.७ × ((कल − ९) ÷ ११)²

१३ अंशांना यातून पावणेचारच्या आसपास ओळी मिळतात: चाळून बघायला बरोबर. वाचणं, चाळणं आणि पळवणं या तीन गोष्टी मनगटाच्या तीन वेगळ्या जागांवर येतात आणि त्या हाताला लवकर पाठ होतात. बिंदू ओढायचे असतील तर (३, ०), (९, ०.८), (१३, ३.७), (२०, २०) हे चार पुरेत. ॲप वेग टक्क्यांत मागत असेल तर २० ओळी म्हणजे १०० टक्के धरून ०, ४, १८, १०० टाका.

सुरू हळू, थांब लगेच

वक्र कितीही चांगला असला तरी तो एक गोष्ट करत नाही. हवी ती ओळ दिसली की माणूस फोन परत सरळ करतो. त्या परतीच्या वाटेवर मनगट वक्राच्या सगळ्या वेगांतून जातं आणि पान आणखी दोन-तीन ओळी पुढे जातं. मग तो उलट कलवतो, पान मागे जातं, पुन्हा पुढे. वाचन बाजूलाच राहतं.

उपाय वेगाच्या दोन बाजूंना वेगळे नियम लावण्याचा. वेग वाढताना तो दीड-दोन दशांश सेकंदांत सावकाश चढू द्या. कमी होताना काहीही उशीर नको. त्यात आणखी एक नियम जोडा: कोन शून्याकडे झपाट्याने परत येत असेल, समजा सेकंदाला ३० अंशांहून वेगाने, तर डेड झोन गाठायची वाट न बघता पान तिथेच थांबवा. वाचणाऱ्याचा इरादा कळलेला आहे. तयार ॲपमध्ये असा नियम मिळणं कठीण, पण ‘रिलीज’ किंवा ‘डिसिलरेशन’ अशा नावाचा स्लायडर असला तर तो थांबणं सर्वांत तडक होईल अशा टोकाला न्या. पान थांबल्यावर अजून थोडं घरंगळत राहण्याची जी सवय बोटाच्या स्क्रोलिंगला असते, ती इथे पूर्ण बंद हवी.

दिशा

फोनचा वरचा भाग पुढे कलवला तर पान खाली जावं की वर? दोन मतं आहेत आणि दोन्ही बरोबर. काहींना मजकूर थाळीतल्या पाण्यासारखा वाटतो, उतार असेल तिकडे वाहणारा. काहींना स्क्रीन म्हणजे खिडकी वाटते, जिकडे कलवाल तिकडचं दाखवणारी. भांडत बसू नका, उलटसुलट करण्याचा खटका ठेवा आणि माणसाला न विचारता नुसता फोन हातात द्या. पहिल्यांदा तो ज्या बाजूला कलवेल तीच त्याची दिशा.

दोन्ही दिशांना एकच वक्र हवा असंही नाही. वाचताना पुढे जाणं संथ असतं, मागे जाणं क्वचित आणि चटकन. मागच्या दिशेला वाचनाचा रुंद पट्टा फुकट जातो. तिथे साधा वर्ग ठेवा.

प्रवासात

सिटीलिंकच्या बसमध्ये नाशिकरोडवरून सीबीएसला येताना हे सगळं वापरून बघाल तर द्वारकेच्या सिग्नलपर्यंत पोचण्याआधीच कळेल की गाडीत गणित बदलतं. गुरुत्वाकर्षण आणि ब्रेक यांत ॲक्सेलरोमीटरला फरक कळत नाही. बसने जरा जोरात ब्रेक लावला आणि वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला, तर सेन्सरला फोन साडेअकरा अंश कलल्यासारखा वाटतो. आपल्या वक्रावर ते सेकंदाला दोन ओळी झाले, तेही हात जराही न हलवता.

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो: एकूण जोर ९.८ हून वेगळा दिसला की पान गोठवा. खड्ड्यांसाठी तो चालतो, कारण खड्डा वर-खाली आपटतो. ब्रेकसाठी चालत नाही. आडवे २ आणि उभे ९.८ यांची एकूण बेरीज काटकोन त्रिकोणाच्या नियमाने फक्त १० च्या आसपास येते; फरक इतका थोडा की पकडायला गेलात तर हाताची प्रत्येक हालचालही पकडली जाईल. जायरोस्कोपची, म्हणजे फोन किती वळला हे मोजणाऱ्या सेन्सरची, जोड दिली तर बरंच सुधारतं. अँड्रॉइडवर त्यासाठी ‘गेम रोटेशन व्हेक्टर’ नावाचा तयार सेन्सर आहे. साध्या ‘रोटेशन व्हेक्टर’पेक्षा तो बरा, कारण त्यात होकायंत्राचा वापर नाही, आणि बसच्या लोखंडी सांगाड्यात किंवा चुंबकाच्या मोबाइल होल्डरवर होकायंत्र भरकटतं.

पण प्रवासात मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो साधा नियम: अंगठा स्क्रीनवर टेकलेला असेपर्यंतच कल मोजायचा. उचलला की पान जागच्या जागी. एका हाताने दांडा धरलेल्या माणसाचा अंगठा स्क्रीनच्या वरपर्यंत पोचत नाही, पण खाली टेकवायला त्याला काहीच अडचण नसते.

रेल्वेत ब्रेक सौम्य असतात, तिथे त्रास वेगळा. कसारा घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे अख्खी गाडीच दीड अंश कललेली. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये कसाऱ्यापूर्वी ‘सुरू करा’ दाबलं असेल, तर घाट लागल्यावर तुमचा निम्मा डेड झोन एका बाजूने खाल्ला जातो आणि पान मधूनच सुटायला लागतं. थांबलेल्या अवस्थेत शून्य हळूहळू सरकवण्याचा नियम लावला असेल तर इगतपुरी यायच्या आत तो हे निस्तरतो. नसेल, तर घाट लागला की बटण पुन्हा दाबा.

तपासायचं कसं

पन्नास-साठ ओळींचा मजकूर घ्या, त्यातली कुठलीही एक ओळ ठळक करा. काम एवढंच: ती ओळ स्क्रीनच्या वरच्या एक तृतीयांश भागात आणून थांबवायची. किती सेकंद लागले यापेक्षा ओळ किती वेळा ओलांडून गेली आणि परत यावं लागलं ते मोजा. दोनदा ओलांडली तर थांबण्याचे नियम बघा. एकदाही ओलांडली नाही पण पोचायला फार वेळ लागला, तर ९ अंशांच्या पुढचा चढ वाढवा. उभं राहून, आडवं पडून आणि डाव्या हाताने हेच करा. एका वेळी एकच आकडा बदला आणि जुना लिहून ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नेमकं काय केल्याने सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही.

वेगळ्या हातांसाठी

जानेवारीत निफाडचा पारा बातम्यांत असतो. त्या सकाळी बागेत फोन धरला तर डेड झोन ३ चा ५ करावा लागतो, हात कुडकुडत असतात. कंपवात असलेल्या माणसाची थरथर वेगळी, संथ आणि मोठी, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. आपली दोन हर्ट्झची चाळणी तिला पुरेशी दाबत नाही. चाळणीतला ०.२ चा आकडा ०.११ वर आणा, म्हणजे ती साधारण एक हर्ट्झला बसते. डेड झोन ५-६ अंश ठेवा, कमाल कल २५ पर्यंत वाढवा आणि पळवण्याचा भाग काढून टाका, वेग ३ ओळींच्या पुढे जाऊच नये. प्रतिसाद थोडा आळशी वाटेल, पण पान हातात राहील. कोन परत येताना लगेच थांबण्याचा जो ३० अंशांचा नियम आहे, तो अशा हातांसाठी बंद ठेवा, कारण थरथरीलाच तो परतीची हालचाल समजून दर क्षणी पान अडवत राहतो.

घरात एकच फोन दोघं-तिघं वापरत असतील तर हे आकडे नावाने साठवा: ‘आजोबा’, ‘बाग’, ‘बस’. निवडायची बटणं मोठी आणि स्क्रीनच्या तळाशी ठेवा. आजोबांच्या संचात ‘बंद करा’ हे बटण सर्वांत मोठं असू द्या, आणि ते दाबल्यावर पान आहे तिथेच राहिलं पाहिजे, पहिल्या ओळीवर परत जाता कामा नये.